मुंग्या आल्या की आधी लेस सोड

पोरी, क्रॉस ट्रेनरवर पंधरा-वीस मिनिटं झाली की चवड्याला मुंग्या येतात आणि थोड्या वेळाने बोटं आपली नाहीतच असं वाटायला लागतं, हे तू फोनवर सांगितलंस ते फार बरं केलंस. जिममध्ये जाणारी बरीच माणसं ही गोष्ट कुणापाशी बोलत नाहीत. सवय होईल असं म्हणत दामटत राहतात. तुलाही तिथे तेच सांगण्यात आलं. मला ते अजिबात पटत नाही. पाय दुखला तर किती दुखतोय ते तरी कळतं आणि त्या मानाने माणूस बेताने घेतो. पाय बधिर झाला की तो अंदाजच जातो. म्हणून पहिलं सांगणं हे, की मुंग्या आल्या की मशिन थांबवायचं. समोर तीस मिनिटं लावलेली असोत नाहीतर पंचेचाळीस, ती पुरी व्हायची वाट बघायची नाही.

आम्ही तालमीत जायला लागलो तेव्हा वस्ताद नव्या पोराची छाती-दंड नंतर बघायचे, आधी पाय बघायचे. हौद्यात तो बोटं पसरून उभा राहतो की आवळून, टाच टेकवतो की चवड्यावरच झुलतो, एवढ्यावरून पुढे काय शिकवायचं ते ठरायचं. ताक, तेल, हळद घालून मळलेली ती लाल माती पायाखाली दबायची, बोटांच्या फटींतून वर यायची, आणि पाऊल तिथे सारखं काहीतरी करत असायचं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला त्यांना मॅटवर उतरावं लागलं. तिथे ते सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. पायाखालची जमीन बदलली की पायाला ती शिकवावी लागते, त्याला वेळ द्यावा लागतो. जिमचं मशिन ही अशीच नवी जमीन आहे आणि आपण पहिल्याच आठवड्यात पायाला तिच्यावर अर्धा-अर्धा तास उभं करतो.

आता हे का होतं ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं तुझं तुलाच सुचेल. चालताना एक पाऊल साधारण साठ टक्के वेळ जमिनीवर असतं आणि चाळीस टक्के वेळ हवेत. हवेत असताना तळव्यावरचा दाब सुटतो, दबलेल्या जागी रक्त खेळतं, नसा मोकळ्या होतात. क्रॉस ट्रेनरवर पाय पॅडलवरून उचललाच जात नाही. गुडघ्याला हादरा बसत नाही म्हणून हे मशिन चांगलं, पण त्याच कारणाने तळव्याला सुटका नाही. त्यातून आपण पुढे झुकलो की सगळा भार चवड्यावर येतो. चवड्यात पाच लांब हाडांची टोकं ओळीने असतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून बोटांकडे जाणाऱ्या बारीक नसा असतात. वरून शरीराचं वजन, खालून कडक पॅडल, दोन्ही बाजूंनी अरुंद बूट. शिवाय व्यायामाने पाऊल तापतं आणि थोडं सुजतं, सांगलीच्या उन्हाळ्यात तर जास्तच. बूट मात्र तेवढाच राहतो. मुंग्या सुरुवातीलाच न येता पंधरा मिनिटांनी का येतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

साताऱ्यात असताना हा त्रास कधी झाला नाही, असं तू म्हणालीस. होणार नव्हताच. इथे सकाळी अजिंक्यताऱ्यावर किंवा चार भिंतींकडे चढणारं पाऊल दर वेळी वेगळ्या कोनात पडतं. कुठे दगड, कुठे उतार, कुठे डांबर. एकच जागा सलग दाबली जात नाही. सांगली सपाट. आमराईत फेऱ्या मारायच्या, आणि पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी चढायला लागली की घाटाकडचं फिरणं बंद. अशा दिवसांत जिमला जाणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. घरी बसण्यापेक्षा मशिन केव्हाही चांगलं. फक्त चढणीवर पावलाला जे आपोआप मिळत होतं, ते मशिनवर आठवणीने द्यावं लागतं.

डॉक्टरही आधी विचारतात तेच मी विचारतो. नेमकं कुठे बधिर होतं? मशिनवरून उतरल्यावर बूट काढ आणि बोटाने चाचपून बघ. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट, या दोघांच्या मधे मुंग्या येत असतील, चवड्याखाली खडा रुतल्यासारखं वाटत असेल, तर तिथल्या फटीतली नस दाबली जात आहे. फिलाडेल्फियाच्या डॉ. थॉमस मॉर्टन यांनी १८७६ साली या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून नस तिथे जाड झाली तर डॉक्टर त्यांच्याच नावाने तो आजार सांगतात. तिथपर्यंत जाऊ द्यायचं नाही. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात, पावलाच्या वरच्या बाजूने बधिरपणा असेल तर संशय लेसवर घ्यायचा. तिथे नस हाडावरून अगदी वरवर जाते, वर मांसाची गादी नाही. आतल्या घोट्याच्या मागून सुरू होऊन सगळा तळवा झिणझिणत असेल तर पाऊल आत कलतंय का, कमान बसली आहे का, ते बघावं लागतं. आणि कंबरेतून किंवा कुल्ल्यातून कळ निघून एकाच पायात खाली उतरत असेल, तर पावलाला दोष देऊ नकोस. ते दुखणं कंबरेचं आहे.

तुझ्या सांगण्यावरून मला तरी यातले पहिले दोन प्रकार दिसतात. म्हणून लेसपासून सुरुवात करू. त्याला पैसा लागत नाही.

बहुतेक माणसं बूट एकदा बांधतात आणि मग महिनोन्‌महिने तशीच पाय कोंबून घालतात. तू दर वेळी लेस पूर्ण सैल करून पाय घाल. टाच जमिनीवर आपटून मागे नीट बसव आणि मग बांध. खालची दोन-तीन भोकं, म्हणजे चवड्यावरची, सैल ठेवायची. लेस आणि बुटाची जीभ यांच्या मधे करंगळी सहज सरकली पाहिजे. पाय पुढे सरकू नये म्हणून लोक सगळाच बूट करकचून आवळतात, पण त्याला वेगळा उपाय आहे. सगळ्यात वरच्या भोकाच्या जरा मागे, घोट्याकडे, आणखी एक भोक असतं बघ. ते बहुतेकांचं रिकामंच असतं. लेसचं टोक त्याच बाजूच्या त्या जादा भोकात घाल, पण पूर्ण ओढू नकोस, छोटासा फास राहू दे. दुसऱ्या बाजूलाही तसंच कर. मग उजवं टोक डाव्या फासातून आणि डावं टोक उजव्या फासातून काढ. दोन्ही टोकं आधी खाली, टाचेच्या दिशेने ओढ, मग गाठ मार. टाच जागेवर पक्की बसते आणि पुढचा भाग मोकळा राहतो. यवतेश्वरच्या घाटातून उतरताना बोटं बुटाच्या टोकाला आदळू नयेत म्हणून इथले पळणारे हेच करतात. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते, एकवीस किलोमीटरची, आणि तिचा परतीचा घाट उतरताना ज्याची टाच बुटात हलते त्याची नखं काळी पडतात.

पावलाच्या वर एखादी जागा दाबल्यावर लगेच झिणझिणत असेल, तर त्या जागेवर लेसचा तिढा येऊ द्यायचा नाही. तिथे लेस आडवी न नेता त्याच बाजूने सरळ वरच्या भोकात न्यायची आणि मग पुन्हा तिढा सुरू करायचा. वरच्या दुखऱ्या जागेवर खिडकीसारखी मोकळी चौकट राहते.

एवढं करून त्याच मशिनवर, त्याच वेगाने, तेवढाच वेळ बघ. बाकी काही बदलू नकोस. लेस, बूट, मोजे, मशिन सगळं एकदम बदललं तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळणार नाही. मुंग्या आल्याच तर खाली उतर, लेस सोड आणि दोन-तीन मिनिटं चाल. तेवढ्यात पाय जागा झाला तर दोष बांधण्याचा किंवा बुटाचा होता असं समजायला हरकत नाही.

आता बूट. तू पाच वर्षांपूर्वीचाच नंबर अजून घेतेस ना? वय वाढतं, वजन बदलतं, बाळंतपण होतं, तसं पाऊल पसरतं. तुझं बाळंतपण झाल्यापासून पाय मोजलेला नसणार. बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय सुजलेला असतो. जिमला घालतेस तेच मोजे घालून जा. दोन्ही पायांत घालून उभी राहा, बसून बघू नकोस. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही. एक पाय मोठा असेल तर त्याच्या मापाने घे. दुकानदार म्हणेल, वापरून सैल होतील. लांबीला होत नाहीत. रुंदीलाही भरवसा नाही.

दुकानात करायची एक परीक्षा सांगतो, ती मात्र नक्की कर. बुटातला इनसोल बाहेर काढ, जमिनीवर ठेव आणि अनवाणी त्यावर उभी राहा. करंगळीची किंवा चवड्याची कड इनसोलच्या बाहेर जात असेल तर तो बूट तुझा नाही, कितीही महागाचा आणि कितीही सुंदर असला तरी. आपल्याकडच्या पायांचं हे होतंच. लहानपणापासून आपण अनवाणी किंवा चपलेत वाढलो. कोल्हापुरी चपलेला जीआय मानांकन मिळालं त्यात कोल्हापूरबरोबर सांगली, सातारा, सोलापूरही आहेत, इतकी ती या भागाच्या पायातली आहे. चपलेत बोटं मोकळी पसरतात, चवडा रुंद राहतो. तो चवडा निमुळत्या बुटात घातला की पहिली तक्रार मधल्या नसांची येते. रुंद मापाचे बूट मिळतात, ते मागून घे. सापडलेच नाहीत तर पुरुषांच्या मापात बघ, तिथे रुंदी थोडी जास्त असते. यात कमीपणा काही नाही.

मोजेही बघ. जाड मोज्याने मऊ वाटतं, पण घट्ट बुटात जाड मोजा म्हणजे आणखी दाब. पोटरीवर इलॅस्टिकचा खोल वळ उमटत असेल तर तो मोजा टाकून दे. आणि तुमच्या जिममध्ये वजनं उचलणारी मुलं वेगळे बूट घालतात, त्यांच्याकडे बघून तसे घेऊ नकोस. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवलं, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण वेटलिफ्टिंगचा बूट टाचेला उंच आणि तळाला कडक असतो, न दबण्यासाठीच बनवलेला. तो घालून क्रॉस ट्रेनरवर चढलं तर चवड्याचे हाल होतील.

मशिनवर कसं उभं राहायचं ते नीट वाच. पॅडलवर पाय पुढे टोकापर्यंत ढकलू नकोस. सगळा तळवा टेकव आणि भार टाचेकडे जाणवू दे. बोटं सरळ पुढे. सगळ्यात मोठी खोड म्हणजे बोटांनी बुटाचा तळ आवळून धरणं. भीतीने किंवा दमल्यावर आपण हे नकळत करतो, आणि मग पोटरीपासून बोटांपर्यंत सगळं ताठतं. दर गाण्याच्या शेवटी बोटं बुटातल्या बुटात पसरून हलवायची अशी सवय लाव. पुढच्या दांड्यांवर रेलू नकोस. हात हलके, छाती वर. पाच-सात मिनिटांनी एकेक टाच किंचित उचलून टेकव, आणि थोडा वेळ मशिन उलटं, मागच्या बाजूने चालव, म्हणजे भाराची जागा बदलते. चढ आणि जोर दोन्ही कमी ठेव. सुरुवातीला सलग दहा मिनिटं पुरेत. मग उतरून पाच मिनिटं चालायचं, पुन्हा दहा मिनिटं. आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवलीस तरी दोन महिन्यांत तू अर्ध्या तासावर येशील, आणि पाय जागा असताना येशील.

ट्रेडमिलवर हा त्रास कमी होतो, कारण तिथे पाय उचलला जातो. तरी चढ जास्त लावून, पुढची दांडी धरून चाललं की अंग मागे झुकतं, पोटऱ्या ताणतात आणि बोटं पट्टा पकडायला बघतात. तुझ्या आईची टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी, झाली होती तेव्हा मी बरोबर होतो. त्या तपासणीची पद्धत अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांची, १९६३ सालची. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटरचा, म्हणजे रमतगमत चालल्यासारखा, पण चढ दहा टक्के, आणि दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. एवढ्या हळू चालूनही ताईला धाप लागली ती चढामुळे. तू सपाटावर ताशी पाच-साडेपाचच्या वेगाने चाल, हात सोडून. चढ हवा असेल तर एक-दोन टक्क्यांनी वाढव.

सायकलवर सीटची उंची आधी ठरव. टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली ने, तेव्हा गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग चवडा पॅडलवर घेतलास की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. सीट उंच असली की पाय पोहोचावा म्हणून बोटं खाली ताणली जातात आणि मुंग्या येतात. पॅडलचा दांडा चवड्याच्या बरोबर खाली येऊनही बधिर होत असेल तर पाय थोडा पुढे सरकव, दांडा चवड्याच्या जरा मागे येऊ दे. पॅडलचा पट्टा पाय सुटू नये इतकाच. रोइंगच्या मशिनलाही पट्ट्याचं हेच. जिन्याच्या मशिनवर टाच पायरीबाहेर लटकत ठेवायची नाही, पूर्ण पाऊल पायरीवर.

घरी काय करायचं? जमिनीवर पंचा पसर आणि बसल्या बसल्या पायाच्या बोटांनी तो गोळा कर. आमच्या वेळी जोर-बैठका झाल्यावर हे करून घ्यायचे. पायाची बोटं एकमेकांपासून लांब पसरायचा प्रयत्न कर. पहिल्यांदा जमणार नाही, अंगठा एकटाच हलेल, पण महिनाभरात बोटं ऐकायला लागतात. ओट्याच्या पायरीवर चवडा टेकवून टाच खाली सोडायची आणि पोटरीला अर्धा मिनिट ताण द्यायचा, दोन-तीन वेळा, हिसके न देता. पोटरी आखडलेली असली की टाच लवकर उचलली जाते आणि भार चवड्यावर जातो, म्हणून पोटरी सैल करणं हे चवड्याचंच औषध आहे. रात्री तेल लावून तळवे चोळ, आजीसारखी काशाची वाटीही फिरव. पाय हलके होतात, झोप चांगली लागते. तळवे काळे पडतात ते काशाच्या आणि तेला-तुपाच्या घर्षणाने. त्यातून उष्णता किंवा विष बाहेर पडतं, या समजुतीवर मात्र माझा विश्वास नाही, आणि दाबली गेलेली नस वाटीने सुटत नाही. चोळून बरं वाटलं म्हणून घट्ट बूट वापरत राहायचं, असं करू नकोस. चवड्यामागे बसणारी छोटी गादी मिळते, ती इनसोलखाली लावून हाडं किंचित पसरता येतात. ती चवड्याच्या बरोबर खाली नाही, जरा मागे, कमानीच्या बाजूला लागते. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून लावून घे, कारण जागा चुकली तर त्रास वाढतो.

आता ज्यासाठी मी एवढं लांबण लावलं ते. हे सगळं मशिनवरच्या मुंग्यांसाठी आहे, ज्या उतरल्यावर थोड्या वेळात जातात. बूट काढून अर्धा तास झाला तरी बधिरपणा राहत असेल, रात्री अंथरुणात तळवे जळजळत असतील, दोन्ही पायांना मोजे घातल्यासारखं सारखंच बधिर वाटत असेल, तर जिमचा संबंध नाही, रक्त तपासायचं. साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, बी १२ आणि थायरॉईड. आपलं घर शाकाहारी, त्यामुळे बी १२ कमी असणं अगदी शक्य आहे. ताई मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते, त्या गोळीनेही ते वर्षानुवर्षं घेतल्यावर कमी होऊ शकतं, म्हणून तिचंही करून घे. तिला एक प्रश्न विचार, चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, असं होतं का? मधुमेहाच्या पायाची ही फार ओळखीची खूण आहे. हो म्हणाली तर तिला मशिनवर चढवू नकोस. आधी डॉक्टर तिच्या तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवून तपासतील, दहा ग्रॅमच्या दाबाने वाकणारा. तो टेकलेला कळला नाही तर पायाचं संरक्षण गेलेलं असतं.

संरक्षण हा शब्द मी उगाच वापरत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर काम केलं. तोवर लोक समजत, या रोगात बोटं आपोआप झडतात. ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं रोगाने झडत नाहीत. दुखणं कळत नाही म्हणून माणूस जखमेवर चालत राहतो, आणि त्याने पाय जातो. अशा पायांसाठी तिकडे मऊ रबराच्या चपला तयार झाल्या. मिरजेच्या दवाखान्यांबाहेरच्या दुकानांत आज एमसीआर चप्पल म्हणून मिळते ती याच घराण्यातली. पाय बधिर असताना व्यायाम करू नये, असं मी जे इतकं निक्षून सांगतो त्यामागे हे आहे. तुझा पाय थोडाच वेळ बधिर राहतो हे खरं, पण तेवढ्या वेळात घोटा मुरगळला किंवा फोड फुटला तर तुला उशिरा कळेल.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेव आणि जिममधल्या मैत्रिणींनाही सांग. चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की दोन-चार मिनिटांत जातो, पाऊल गार आणि फिकट पडतं, असं असेल तर रक्तवाहिन्या तपासायच्या, आणि माणूस विडी-सिगारेट ओढणारा असेल तर त्याच आठवड्यात. मशिनवर ठरावीक मिनिटांनी पोटरी फुगल्यासारखी घट्ट होऊन पाऊल बधिर होतं आणि थांबल्यावर उतरतं, हे तरुण खेळाडूंमध्ये दिसतं. त्याला लेस सोडून उपयोग नाही, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायचं. पाऊल वर उचलता येत नाही, चालताना फरफटतं, हे मुंग्यांपेक्षा गंभीर. कंबरदुखीबरोबर बसायची जागा बधिर झाली, लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी इस्पितळ गाठायचं. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही, असं कुणाचं दिसलं तर त्याला सरकारी आरोग्य केंद्रात पाठव. तपासणी आणि औषध दोन्ही तिथे मोफत असतं आणि वेळेवर घेतलं तर कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. लाजून घरी बसायचं कारण नाही.

तुला डॉक्टर शोधायला लांब जावं लागत नाही. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. वॉन्लेस यांनी इस्पितळ सुरू केलं तेव्हापासून चारी बाजूंची माणसं उपचाराला तिथे येतात, तू तर दहा किलोमीटरवर आहेस. जाताना कागदावर लिहून ने. कोणतं मशिन, किती मिनिटांनी मुंग्या सुरू झाल्या, कोणती बोटं, एक पाय की दोन्ही, उतरल्यावर किती वेळात गेल्या. आणि जिमचे बूट पायात घालूनच जा. चप्पल घालून गेलीस तर अर्धी तपासणी राहील.

गणपतीला येशील तेव्हा ते जुने निळे बूटही पिशवीत टाकून आण. नवे घेतलेस तरी ते फेकू नकोस, मला त्यांचे तळ बघायचे आहेत. चवड्याच्या मधोमध खळगा पडला असेल तर तू बोटं आवळतेस, आतली कड झिजली असेल तर पाऊल आत पडतंय, आणि एकाच बुटाची टाच जास्त गेली असेल तर कंबर एका बाजूला कललेली असते. इनसोलही काढून आण. त्यावर तुझ्या बोटांचे ठसे उमटलेले असतील, त्यात करंगळीचा ठसा काठावर आहे की आत, ते बघून मी तुला नव्या बुटाचं माप सांगेन.